तो घोळ, ती घोळ

आमच्या तळमजल्याच्या घराबरोबर बिल्डरने ‘गार्डन’ म्हणून जी जागा विकली, ती वीस फूट लांब आणि जेमतेम चार फूट रुंद आहे. एका अंगाला पार्किंगचे पेव्हर ब्लॉक, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. ऊन सकाळी नऊ ते दुपारी एक, त्यानंतर वरच्यांच्या गॅलरीची सावली. या पट्टीत मी तीन वर्षं मिरची, टोमॅटो आणि कोथिंबीर लावतोय, आणि तीन वर्षं तिथे जोमाने येतंय ते भलतंच.

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की हे भलतं दिसायला लागतं. आधी टाचणीच्या डोक्याएवढी लालसर पानं. मग एक तांबूस दांडा पोट जमिनीला टेकवून सरकू लागतो, त्याला चहूकडे फाटे फुटतात आणि तीनेक आठवड्यांत ताटाएवढी चटई अंथरली जाते. मिरची तेव्हा कुठे दुसरं पान काढायचं की नाही याचा विचार करत असते.

‘तण खाई धन’ हे शाळेपासून ऐकलेलं, त्यामुळे मी ते इमानाने उपटत असे. उपटायला काही लागतही नाही. ओल्या मातीतून एका ओढीत मुळासकट हातात येतं आणि रविवार सकाळ कारणी लागल्यासारखी वाटते. उपटलेलं मिरचीच्याच बुडाशी टाकायचो, खत होईल म्हणून. चार दिवसांनी बघावं तर ढीग वाळायचा सोडून टवटवीत, वर त्याला पिवळी फुलंही आलेली. पुढे कळलं की मांसल पानांत आणि दांड्यांत पाणी साठवून ठेवलेलं असल्यामुळे ही बया मुळापासून सुटली तरी बरेच दिवस तग धरते, तेवढ्यात बिया पिकवून मोकळी होते, आणि ओल मिळाली तर तुटक्या कांड्यांनाही मुळं फुटतात. म्हणजे मी तीन वर्षं तण काढत नव्हतो, लावणी करत होतो.

शत्रूचं नाव तरी कळावं म्हणून मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं एक ॲप घेतलं. वरून फोटो काढला तर एक नाव आलं, बाजूने काढला तर दुसरं, आणि माझी चप्पल चौकटीत आली तेव्हा तिसरं. तिन्ही नावं लॅटिन, तिन्हींचे फोटो डिट्टो. ॲपला दोष देण्यात अर्थ नव्हता, मीही तसाच उभ्याने बघत होतो.

उलगडा झाला तो सासूबाई अमरावतीहून आल्या तेव्हा. सकाळी चहाचा कप घेऊन त्या पायरीवर बसल्या होत्या आणि मी बादली भरत होतो.

“काय फेकून राह्यले हो जावईबापू?”

“तण आहे, आई.”

“तण कायचं? घोय आहे ते. भाजी!”

वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो हे लग्नाला चौदा वर्षं झाल्यामुळे मला ठाऊक होतं, तेव्हा घोय म्हणजे घोळ हे लगेच कळलं. पण घोळ या शब्दाशी माझा संबंध आजवर ऑफिसातल्या हिशेबापुरता. तो घोळ पुल्लिंगी. तो होतो, तो घातला जातो, तो निस्तरावा लागतो. घोळ नावाचा मासा असतो हेही ऐकून होतो. आमच्या खिशाला न परवडणारा हा मासा २०२३ मध्ये गुजरातचा राज्यमासा झाला. ही तिसरी घोळ मात्र स्त्रीलिंगी निघाली आणि माझ्याच बादलीत निघाली.

मी उत्साहाने पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं आणखी मूठभर ओरबाडून आणलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

“हे नाही. हे दुधी आहे. मोडून पाहा.”

मोडलं. दोरीसारख्या बारीक दांड्यातून पांढरा थेंब आला. दुधी म्हणजे भोपळा नव्हे. ही जमिनीला चिकटून पसरणारी दुधी, काही ठिकाणी हिला नायटी म्हणतात. उभ्याने पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. दोघींचे दांडे तांबूस, दोघींची पानं बारकी, दोघींचा मुक्काम वाटेवर. पण दुधीचा चीक कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, आणि ती पोटात जाऊ नये. घोळीचा दांडा मोडला की निघतं ते नुसतं पाणी. एवढी एक परीक्षा केली असती तर तीन वर्षं नाव न कळता गेली नसती, पण त्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

त्यानंतर आठवडाभर मी पट्टीवर उकिडवाच होतो. शेजारच्या काकांनी “काही हरवलंय का?” म्हणून विचारूनही झालं. जवळून पाहिल्यावर घोळ आणि दुधीत साम्य असं उरतच नाही. दुधीची पानं पातळ, समोरासमोर, जोडीजोडीने. घोळीचं पान चमच्याच्या आकाराचं, देठाशी निमुळतं, टोकाला गोल, आणि जाड. दोन बोटांत दाबलं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागतं. ही पानं दांड्यावर थोडी इकडे थोडी तिकडे असतात, पण फांदीच्या टोकाशी गर्दी करतात आणि त्या गर्दीत मध्यभागी कळी बसलेली असते. फूल पिवळं, बहुधा पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाहूनही लहान. ते कडक ऊन असलं तर सकाळी काही तास उघडतं. ढगाळ दिवशी तसदी घेत नाही.

मग फळ. हे बघायला मी मुलीचं भिंग मागून आणलं. फूल मिटून गेलं की तिथे एक बारीक बोंड तयार होतं आणि पिकलं की त्याचं वरचं टोपण अलगद निघून येतं, अगदी कुंकवाच्या करंड्याचं झाकण काढल्यासारखं. आत मोहरीहूनही कितीतरी बारीक, काळ्या चमकदार बिया. एका मोठ्या झाडाने दोन लाखांवर बिया धरल्याच्या नोंदी आहेत आणि त्या मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. आमची पट्टी ऐंशी चौरस फूट आहे. मी गुणाकार केला नाही.

भिंतीच्या कडेला तिसरीही एक सापडली, घेटुळी. तिनेही काही वेळ फसवलं, कारण पान गोल आणि थोडं मांसल. पण तिची पानं समोरासमोर असतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान. फूल पिवळं नाही, फिकट गुलाबीसर. एकदा हे दिसलं की पुन्हा चूक होत नाही.

“आमच्याकडे उन्हाळ्यात चिवय असते,” सासूबाई म्हणाल्या. म्हणजे चिवळ, घोळीची धाकटी बहीण. पानं अगदी तांदळाएवढी, फूल चार पाकळ्यांचं, गाठींवर पांढरे केस, आणि अंगभर माती. सात पाण्यांनी धुतली तरी आठव्या पाण्यात वाळू निघते, असं त्या अभिमानाने सांगतात. विदर्भात भर उन्हाळ्यात, इतर पालेभाज्या माना टाकतात तेव्हा बाजारात चिवळीचे ढीग असतात आणि लोक हौसेने घेतात. पुण्यात मला तण दिसत होतं याला माती जबाबदार नव्हती.

त्या दिवशी जेवायला घोळ झाली. पार्किंगच्या बाजूची त्यांनी घेऊ दिली नाही. तिथून सोसायटीची कुत्री जातात आणि गाड्यांचं तेलही गळतं. मधल्या वाफ्यातली कोवळी टोकं खुडली, धुऊन चिरली, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवली. आंबट ताकात बेसन कालवून त्यात ओतलं आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. घोळ किंचित बुळबुळीत असते, तो बुळबुळीतपणा ताकाने मोडतो. शिवाय हिच्यात पालकासारखंच ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ताकातलं कॅल्शियम त्यातल्या बऱ्याचशा आम्लाला बांधून ठेवतं. हे सासूबाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच त टाकतो.” मुतखडा झालेल्या माझ्या भावाला मात्र त्यांनी वाटी दिली नाही.

जेवण झाल्यावर लॅटिन नाव नीट वाचलं. पोर्तुलाका ओलेरासिया. लिनियसने हे नाव १७५३ मध्ये दिलं आणि ओलेरासिया म्हणजे स्वयंपाकघरातला भाजीपाला. पालकाच्या आणि कोबीच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. ॲपने दिलेल्या तीन नावांत हे होतं, खाली भाजी असं लिहिल्यासारखंच, आणि मी बादली भरत होतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ऊस, मका, ज्वारी कडक उन्हात जोमाने वाढतात ती एका युक्तीने: हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटायचा, मग वापरायचा. निवडुंग आणि अननस दुष्काळात तगतात ते दुसऱ्या युक्तीने: दिवसा पानांची छिद्रं बंद, रात्री उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि सकाळपर्यंत मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, मग दिवसभरात तो वापरून टाकायचा. घोळ दोन्ही युक्त्या करते, आणि त्या एकाच पेशीत एकमेकींत गुंतलेल्या असतात, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदातला आंबटपणा. तेव्हा पाणी तोडलेली घोळ पहाटे आंबट आणि संध्याकाळी सौम्य लागायला हवी. मी एका कुंडीत लावून आठ दिवस पाणी दिलं नाही, आणि सकाळी सहाला एक पान, संध्याकाळी सहाला एक पान खाल्लं. सकाळचं चांगलंच आंबट होतं. बायकोच्या मते हा दात न घासता खाल्ल्याचा परिणाम.

कुंडीवरून आठवलं. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर रंगीत फुलांची ‘ऑफिस टाइम’ आहे, ऊन चढलं की फुलणारी. नर्सरीतून पैसे मोजून आणलेली, वर टॉनिक घातलेली. ही घोळीची चुलत बहीण. तिची पानं दाबून पाहिली, तसाच फुगा. तीन वर्षं मी एकीला वर टॉनिक घालत होतो आणि दुसरीला खाली उपटत होतो, बऱ्याचदा एकाच रविवारी.

पावसाळाभर घोळ खाल्ली. काही झाडं मुद्दाम ठेवली आणि मिरच्याही गेल्या वर्षीइतक्याच आल्या, म्हणजे अकरा. दिवाळीनंतर थंडी पडली तशी घोळ लाल पडून, टोपणं उघडून आटोपली. जानेवारीत मंडईत एका आजींच्या पोत्याच्या कडेला मेथीमागे तिच्या चार जुड्या दिसल्या. वीस रुपयांना एक. मी जुडी उचलून दांडा मोडून पाहिला.

“दूध बघताय व्हय?” आजी म्हणाल्या. “बघा बघा. न्हाई निघायचं.”

मी दोन जुड्या घेतल्या. सुटे देताना त्यांनी आपणहून सांगितलं, “ह्ये खालचे दांडे टाकू नगा, कुंडीत खोचा. उन्हाळा लागला की परत येतीया. बागेत जागा असंल तर मग इकत घ्यायचं कामच न्हाई.”

मी हो म्हणालो आणि पिशवी पुढे केली.