सर्वानुमते

शनिवार, रात्र

उद्या सकाळी साडेसहाला बोगमाळोच्या किनाऱ्यावर पोचायचंय. टॉवेल, दोन सतरंज्या, चहाचा मोठा थर्मास आणि कपडे बदलायला आडोसा म्हणून एक जुनी चादर, एवढं पिशवीत भरून झालं. वास्कोतल्या आमच्या तीन बाप्टिस्ट मंडळ्या, म्हणजे चर्च, पहिल्यांदाच एकत्र बाप्तिस्मा करताहेत. एक आमची मराठी-हिंदी, एक तेलुगू, आणि एक हॉटेलांत कामाला असलेल्या नागा पोरापोरींची. सगळी मिळून शंभराच्या आत डोकी. खालच्या मजल्यावरची आंटी अजून विचारते, "तुमी आयतारा खंयचे इगर्जेंत वतात?" भाड्याचा हॉल म्हटलं की तिला वाईट वाटतं.

पाण्यावर आमचं पाच मिनिटांत एकमत झालं होतं. ज्याला कळतं, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केलाय, त्यालाच बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण बुडवून. अडलं ते नंतरच्या प्रभुभोजनावर. ख्रिस्ताच्या आठवणीतली भाकर आणि प्याला कुणाच्या हातात द्यायचा?

तेलुगू पास्टर गारूंचं (गारू म्हणजे तेलुगूत 'साहेब') म्हणणं सरळ होतं. आधी बाप्तिस्मा, मग मेज, म्हणजे प्रभुभोजन. हा क्रम आपण लावलेला नाही, आपण मोडायचा नाही. लहानपणी कपाळावर पाणी शिंपडलं असेल तर तो बाप्तिस्माच नव्हे, म्हणजे तो माणूस मेजापर्यंत आलेलाच नाही. आमचे पाळकसाहेब म्हणाले, मेज प्रभूचं आहे, आपण वाढपी. ज्याचा विश्वास आहे त्याने स्वतःला तपासून बसावं. नागा मंडळींचा तरुण पुढारी बराच वेळ मोबाइल उलटासुलटा करत होता. शेवटी म्हणाला, "हमारे गाँव में तो सब बाप्टिस्ट ही हैं, यह सवाल कभी आया नहीं."

गंमत म्हणजे हा वाद आपल्याकडचा नाहीच, जहाजातून आलेला आहे. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड हे इंग्रज बाप्टिस्ट मिशनरी श्रीरामपूरला बसले होते. (बाबांना श्रीरामपूर म्हटलं की साखर कारखाने आठवतात. हे ते नव्हे, हुगळीकाठचं.) वॉर्ड खुल्या मेजाच्या, म्हणजे बुडवून बाप्तिस्मा न झालेल्यांनाही प्रभुभोजन देण्याच्या बाजूचा. इंग्लंडात मिशनचा कारभार बघणारा अँड्र्यू फुलर कट्टर बंद मेजाचा. काही वर्षं मेज खुलं राहिलं आणि १८११ मध्ये बंद झालं. त्याच १८११ मध्ये त्यांच्याच छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. एका हाताने आमच्या भाषेत आमंत्रण छापायचं आणि दुसऱ्या हाताने पान मांडायला नकार द्यायचा! वॉर्डला ते जड गेलं, पण तो सोडून गेला नाही. पुढे लंडनच्या स्पर्जन या बाप्टिस्ट उपदेशकाने तिसरीच वाट काढली: सभासद व्हायचं तर बुडवून बाप्तिस्मा हवा, मेजावर मात्र इतरांनाही जागा. मला ही वाट पटते. हाच स्पर्जन १८८७ मध्ये शिकवणीच्या वादावरून बाप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडला, हे पास्टर गारूंनी मला लगेच ऐकवलं.

आमच्यात बिशप नाही. वरून कुणी पत्र पाठवून "असं करा" म्हणू शकत नाही. प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालक. म्हणून एकत्र काही करायचं म्हटलं की सगळं राजीखुशीवर चालतं, आणि राजी नसलेला माणूस कधीही चप्पल घालून निघू शकतो. मोठ्यांचंही तेच. बाप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स, जगभरच्या बाप्टिस्टांची संघटना, १९०५ पासूनची; अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्ट २००४ मध्ये तिच्यातून उठले. आमचे तर तीन हॉल.

तिसऱ्या बैठकीत दोन तास गेल्यावर कुणीतरी म्हणालं, मग उद्या प्रभुभोजनच नको. बाप्तिस्मा करू, नंतर नुसतं जेवू. सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. मी चिटणीस. वहीत लिहिलं, "सर्वानुमते ठरले की या प्रसंगी प्रभुभोजन घेऊ नये." पाळकसाहेबांनी खाली सही केली.

मी एक शब्दही बोललो नव्हतो. आणि आतल्या खोलीत बाबा झोपलेत.

बाबा परवा नगरहून आले. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ ला आलं, त्यांच्या परंपरेतलं आमचं घर. बाबांचा बाप्तिस्मा तान्हेपणी, शिंपडून. आता त्यांची मंडळी वेगवेगळे पंथ मिळून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. १९७० मध्ये नागपूरला ते ऐक्य झालं तेव्हा उत्तर भारतातले कितीतरी बाप्टिस्टही त्यात गेले, आणि तिथे बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा, दोन्ही चालतात असं ठरलं. बाबा हे दर वेळी सांगतात. सव्विसाव्या वर्षी मी पाण्यात उतरलो तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "एकदा झालाय की तुझा."

रविवार, दुपार

ओहोटी होती, बरंच चालत जावं लागलं तेव्हा कमरेएवढं पाणी आलं. सात जण. पास्टर गारू पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून वचन म्हणत होते तोच दाबोळीवरून उडालेलं विमान डोक्यावर आलं. काही ऐकू येईना. ते थांबले. हात तसाच डोक्यावर, डोळे मिटलेले, आणि ती मुलगी थंडीने कुडकुडत पाण्यात उभी. आवाज विरल्यावर त्यांनी वाक्य पहिल्यापासून म्हटलं, एक शब्द गाळला नाही. मग तिच्या नाकाला रुमाल धरून हळूच मागे निजवलं. मतं काही असोत, या माणसाकडून बाप्तिस्मा कसा द्यावा ते शिकावं.

चहाच्या वेळी त्यांनी आंध्रातल्या ओंगोलची गोष्ट सांगितली: ३ जुलै १८७८, गुंडलकम्मा नदी, एका दिवसात २,२२२ जणांचे बाप्तिस्मे, एकेक माणूस बुडवून. त्यांच्या आवाजात घरच्या लग्नाची गोष्ट सांगावी तसा अभिमान होता. बाबा वाळूवर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर टॉवेलांचा गठ्ठा. वर येणाऱ्या प्रत्येकाला एकेक देत होते. त्यांनी विचारलं, "मोजले कुणी?" सगळे हसले, पास्टर गारूही.

जेवण हॉलवर. भात, बांगड्याची कढी, नागा पोरांनी आणलेली मिरचीची चटणी, जी एकट्या पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा मागितली. जमिनीवर सतरंज्या घालून दोन रांगा. पास्टर गारूंनी बाबांना हात धरून आपल्या शेजारी बसवलं आणि बांगड्यातला मधला तुकडा स्वतः त्यांच्या ताटात वाढला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आज रविवार असून प्रभुभोजन नाही होय तुमच्यात?"

मी म्हटलं, "तिन्ही मंडळ्या होत्या ना, वेळ पुरला नसता."

पंक्तिप्रपंच करू नये म्हणून आम्ही पंगतच उठवली, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी मान हलवली आणि काटे काढत राहिले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, पोरगा खोटं बोलतोय हे त्यांना कळतं.

सोमवार

बाबा सकाळच्या बसने गेले. पुढची संयुक्त बैठक तेलुगू मंडळींच्या हॉलवर, आणि आधी मागचं इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं. कपाटातून वही काढली. "सर्वानुमते"वर एक रेघ मारली, वर लिहिलं "बहुमताने", आणि पुढे, "चिटणिसांची हरकत नोंदवली." पास्टर गारू हरकत कोणती ते विचारणारच. या वेळी सांगीन.

जेलपेन निघालं, रेघ पानाच्या मागे उमटली. आणि सही आधीच झालेली. उद्या वही घेऊन पाळकसाहेबांकडे जावं लागेल.