“आमच्या मशीनवर चालते”: सदोष रॅम बदलून घेण्यासाठी तीन फेऱ्या

“मॅडम, आमच्या मशीनवर तुमची रॅम व्यवस्थित चालते आहे,” हे वाक्य रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीच्या, सेवाकेंद्राच्या काउंटरवर मी एकाच महिन्यात दोनदा ऐकले, आणि घरचा कॉम्प्युटर आता सुरळीत चालत असला तरी त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घरीच जोडायचा, असे आम्ही ठरवले होते. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन स्टिकचा (पट्ट्यांचा) डीडीआर५ प्रकारच्या, ६००० वेगाच्या रॅमचा संच, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि बाकीचे सगळे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि एका रविवारी जोडले. चौथ्या दिवसापासून मात्र विंडोज सुरू होताना ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागले की निळा पडदा येई आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तीन-चार प्रयत्नांनंतर एकदा डेस्कटॉप दिसे, आणि मग तो तासभर नीट चालेही.

दुकानदाराने फोनवर विंडोज पुन्हा टाकायला सांगितले. मी ते दोनदा टाकले. दुसऱ्या वेळी ते अर्ध्यावरच अडकले. अशा वेळी हा सल्ला घातक ठरतो, कारण विंडोजची प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवरून एसएसडीवर जाताना रॅममधून जाते, आणि रॅम सदोष असेल तर फाइल बिघडलेल्या अवस्थेतच डिस्कवर उतरू शकते. खरी खूण निळ्या पडद्यावर होती. त्यावरचा कोड मी दर वेळी वहीत लिहून ठेवत गेले, तेव्हा लक्षात आले की तो सतत बदलतो आहे: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एकच कोड वारंवार येऊन त्याखाली ठरावीक ड्रायव्हरचे (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे) नाव दिसत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्यावा. कोड दर वेळी निराळा असेल तर सर्वांत आधी रॅम तपासावी.

मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला. त्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांपर्यंत तपासणी करते आणि मोठ्या रॅमला त्यासाठी अख्खी रात्र लागू शकते, पण माझ्याकडे पाऊण तासातच चुका दाखवणाऱ्या लाल ओळी उमटू लागल्या. मग दोन्ही स्टिक काढून, एकाच स्लॉटमध्ये एकेक लावून तपासली. पहिली निर्दोष निघाली, दुसरीत चुका आल्या. दुसरी वेगळ्या स्लॉटमध्ये लावली तरीही चुका आल्या, म्हणजे दोष मदरबोर्डाच्या स्लॉटचा नव्हता.

इतके हातात असताना काम एका फेरीत व्हायला हवे होते. पहिल्या दिवशी टोकन घेऊन दीड तास बसल्यावर तंत्रज्ञाने माझी स्टिक त्यांच्या मशीनमध्ये आधीपासून असलेल्या स्टिकच्या जोडीला लावली, विंडोज सुरू झाले, पाच मिनिटांनी त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा कागदावर लिहिला. रॅममधला दोष सहसा सगळ्या स्टिकभर पसरलेला नसतो. काही थोड्या पत्त्यांपुरताच, म्हणजे माहिती साठवायच्या ठरावीक जागांपुरताच, तो असतो, आणि त्या जागी विंडोजने काही महत्त्वाचे ठेवले तरच कोसळणे दिसते. दुसऱ्या स्टिकच्या जोडीला लावलेल्या सदोष स्टिकच्या त्या कोपऱ्याला पाच मिनिटांत कदाचित कोणी हातही लावत नाही. हे मी शांतपणे समजावून सांगितले, पण पुढच्या टोकनाची हाक झाली होती.

दुसऱ्या फेरीला मी लाल ओळींचे फोटो नेले. पुन्हा तेच वाक्य ऐकवले गेले, आणि वर दोन नवी कारणे निघाली: रॅम संचाची असल्यामुळे दोन्ही स्टिक एकत्रच जमा कराव्या लागतील, आणि रॅम वाढीव वेगावर चालवली असेल तर तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. पहिली अट आधीच्या भेटीत कोणीही सांगितली नव्हती. डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला अर्धी माहिती देऊन परत पाठवणे मला अक्षम्य वाटते.

दुसऱ्या कारणाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते फोटोत दिसत नव्हते. त्या रात्री बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला वाढीव वेग देणारे सेटिंग, बंद केले, त्यामुळे रॅम ६००० ऐवजी तिच्या मूळ ४८०० वेगावर आली, आणि तपासणी पुन्हा केली, तरी चुका आल्याच. या प्रोसेसरसाठी अधिकृत वेग ५२०० पर्यंत आहे, तेव्हा ४८०० वेगावर आलेल्या चुकांना वाढीव वेगाचे कारण देता येत नाही. फोटो काढताना वेग आणि चुकांची संख्या एकाच चौकटीत येईल, हे आवर्जून पाहावे.

तिसऱ्या फेरीला दोन्ही स्टिक, बिल, स्टिकर असलेले खोके आणि माझा पेनड्राइव्ह घेऊन गेले, आणि त्यांच्याच मशीनमध्ये फक्त माझी सदोष स्टिक लावून तपासणी चालवावी, एवढीच विनंती केली. आतल्या खोलीतून आलेल्या वरिष्ठांनी ती मान्य केली. सुमारे अर्ध्या तासाने त्यांच्याच पडद्यावर लाल ओळ उमटली आणि त्यांनी काही न बोलता पावती लिहून दिली. तो क्षण मला फार समाधान देऊन गेला.

बदली संच १९ दिवसांनी आला. तोपर्यंत कॉम्प्युटर बंदच राहिला आणि मुलीने सबमिशनचे काम मैत्रिणीच्या घरी बसून पुरे केले. दोन्ही स्टिक कंपनीकडे जातात, म्हणून शक्य असल्यास कोणाकडून तरी एक डीडीआर५ स्टिक तात्पुरती मागून घ्यावी. जुनी डीडीआर४ या बोर्डात बसत नाही.

नव्या रॅमवर आधी तपासणीच्या चारही फेऱ्या पूर्ण केल्या आणि एकही चूक नाही हे पाहूनच विंडोज नव्याने टाकले, कारण जुन्यातल्या फाइलींवर माझा विश्वास उरला नव्हता. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पंखे फिरतात आणि पडदा काही मिनिटे काळाच राहतो. मदरबोर्ड तेवढ्या वेळात नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, म्हणून घाबरून पॉवरचे बटण दाबू नये.