तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकू न येणारा दलाल

"मॅडम, ज्याला ऐकूच येत नाही त्याला गाण्यांच्या नाटकात काहून घेतलं?" शाळेच्या गॅदरिंगपासून हा प्रश्न मला नागपुरात भाजीच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे गाठतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

दयेपोटी नाही घेतलं. उलट मी त्याला आधी झाड करणार होते. आठवीतला मुलगा, कानाला मशीन लावूनही नुसता आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. झाडाला संवाद नसतात, हा माझा सोपा हिशोब. त्याची आई म्हणाली, "आधीच्या शाळेत दोनदा झाड झाला जी तो. आता नका बनवू."

नाटक बैलबाजाराचं. निवडीच्या दिवशी बाकीच्या पोरांनी दलाल म्हणून नुसता आरडाओरडा केला. यानं समोर नसलेल्या बैलाचा जबडा उघडून दात मोजले आणि भिवया अशा चढवल्या की बैलाची किंमत जागेवर निम्मी झाली. तसेही जुन्या बाजारांत सौदे उपरण्याखाली बोटं दाबूनच व्हायचे. आम्ही फक्त उपरणं काढलं.

गाण्यांसाठी नववीतल्या एका मुलीला मुनीम केलं. ती त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या ओळी गाणार. युक्ती माझी नाही. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरनं २००३ आणि २०१५ साली याच वाटेनं संगीत नाटकं ब्रॉडवेवर नेली. माझी स्वतःची फक्त चूक होती. ती गाईल आणि तो मागून खुणा करेल, असं मी बसवलं. तो प्रत्येक ओळीला मागे पडायचा. आठवडा वाया गेल्यावर उलट केलं. तो हात उचलेल तेव्हाच ती तोंड उघडेल.

शब्दांचाही घोळ घातलाच. "एवढ्याशा बैलाला एवढा भाव?" याच्या मी शब्दाला शब्द खुणा बसवल्या. तो पोट धरून हसला. मग त्यानं त्याची ओळ दाखवली: बैल, लहान, भाव, मोठा, आणि शेवटी भिवया वर. प्रश्नचिन्ह भिवयांत होतं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, हे मला पन्नाशीत कळलं.

"ताल त्याला जमिनीतून कळत असेल ना?" असंही फार जण विचारतात. आमचं स्टेज सिमेंटचं आहे हो, त्यातून कुणाला काय कळणार! तो केरव्याच्या आठ मात्रा मनात मोजायचा आणि समेला तबला सरांची मान हलते का ते बघायचा. त्यासाठी सरांना विंगेतून काढून स्टेजसमोर बसवलं आणि जानेवारीच्या थंडीत त्यांचा मफलर उतरवला.

रंगीत तालमीत प्रवेश बदलताना अंधार झाला आणि आम्ही विंगेतून "ये, ये" करत राहिलो. कुणाला? दिवे लागले तेव्हा शेतकऱ्याच्या चुलीपाशी दलाल उभा, अजून भाव पाडत होता. दुसऱ्या दिवशी विंगेत झिरोचा निळा दिवा लागला.

प्रयोगानंतर पालक डोळे पुसत होते. बैलाच्या भावावर रडण्यासारखं काय होतं कोण जाणे. तो मात्र मुनिमीणबाईंना घेऊन माझ्याकडे तक्रार घेऊन आला: दुसऱ्या कडव्यात सरांची मान उशिरा हलली.

मी सरांकडे बघितलं.

"मच्छर बसला होता ना मॅडम मानेवर," सर म्हणाले.