ह्यात शेतकरी वाटत नाही

मी यवतमाळ जिल्ह्यात न्यूज चॅनेलसाठी स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला स्थानिक बातमीदार, म्हणून काम करतो. मुंबईहून टीम आली की गाव, घर, माणसं दाखवायची जबाबदारी माझी. ऑक्टोबरात असंच एका घरी नेलं, नवऱ्याने आत्महत्या केलेली, वहिनी ओसरीत बसलेल्या.

रिपोर्टरने आधी फोटो मागितला. तालुक्याच्या स्टुडिओत आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला, आणि स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर अंगात काळा कोट अन् लाल टाय घातलेला. आमच्याकडे माणूस गेला की घरचे असाच मान देतात त्याला. रिपोर्टर म्हणाला, "दुसरा नाही का? ह्यात शेतकरी वाटत नाही." मग भेगा पडलेली जमीन कुठे मिळेल म्हणून विचारायला लागला. बाहेर कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर होती आणि सततच्या पावसाने बोंडं काळी पडून सडली होती, मी म्हटलं हे घ्या, हेच खरं कारण आहे, तर म्हणे हिरवं दिसतंय, लोकांना दुष्काळ वाटणार नाही. अहो पण दुष्काळ नव्हताच ना!

वहिनी आत गेल्या अन् पिशवीतून तहसीलचं पत्र घेऊन आल्या. प्रकरण अपात्र. 23 जानेवारी 2006 च्या जीआरने एक लाखाची मदत ठरली, 30 हजार हातात, 70 हजार ठेव, पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर पाहिजे आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं. यांची शेती ठोक्याची, म्हणजे दुसऱ्याची जमीन पैसे ठरवून करायला घेतलेली, आणि उधारी कृषी केंद्राची, म्हणजे बियाणं-खताच्या दुकानाची.

"फोटो कायले धरू भाऊ? हा कागद दाखव ना टीवीवर. सरकार म्हनते हा मानूस शेतकरीच नोहोता."

मी तो कागद नीट, जवळून शूट केला. टीव्हीवर दिसला डोक्यावर पदर, मांडीवर फोटो आणि कुठल्यातरी जुन्या फुटेजमधली भेगाळलेली जमीन. बातमी पाहून लगेच एक पुढारी आले, शिलाई मशीन दिली, फोटो काढला, तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. वहिनींना शिवण येत नाही. त्यांना पुढच्या हंगामाला बियाणं पाहिजे होतं.

मला राग याचाच येतो. विधवा, फोटोला हार, कोरडी जमीन, इतकंच चित्र वर्षानुवर्षं दाखवलं की मदतही त्या चित्रालाच मिळते. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे आले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातला मोठा वाटा सिंचनाला. सिंचन पाहिजेच, कोण नाही म्हणतं, पण ठोक्याने करणारा माणूस सातबाऱ्यावर नाही, बँकेत नाही, आणि टीव्हीवर पण नाही, मग त्याच्यासाठी सभेत कोण बोलणार, बाई स्वतः शेती करते हे तरी कोणाला दिसणार?

आता कलेक्टर ऑफिसात परत अर्ज द्यायचं ठरलंय. जमीनमालक ठोक्याचं लिहून देत नाही, कूळ लागेल, जमिनीवर हक्क सांगितला जाईल म्हणून भितो. म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या सह्या घेतोय, की या वावरात पेरणी, डवरणी, फवारणी हाच माणूस करत होता. सरपंचांनी सही केली, पोलीस पाटलांची बाकी आहे.