मारका बैल

बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघताना बायबलमधलं एक वचन मी कामगारांना नेहमी सांगतो. अनुवाद या पुस्तकातलं, २२:८. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागणार नाही. त्या काळी माणसं धाब्यावर बसत-उठत, झोपतसुद्धा, म्हणून कठडा. स्लॅबच्या कडेला रेलिंग नसेल तर मी काम बंद करतो, मग कोणी कितीही घाई करो.

टाकीचं मात्र माझ्याकडून राहिलं.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब भरून बरेच दिवस झाले होते, आतलं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबला आधार दिलेलं लाकडी काम, काढायचं होतं. आदल्या संध्याकाळी एक सुतार जाता जाता म्हणाला, "साहेब, टाकीत डोकावलं की कोंडल्यासारखं होतं." मी वहीत टिपून घेतलं, उद्या बघू म्हणून वही मिटली. बंद टाकीत ओलं लाकूड कुजताना आतल्या हवेतला ऑक्सिजन संपवतं. वास येत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. हे मीच इतरांना शिकवतो.

सकाळी आरडाओरड ऐकून धावलो. एक पोरगा आत उतरला होता. चक्कर आली म्हणून परत शिडी चढू लागला आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबला. मान खाली, नखं निळसर, बोटं पायरीवरून एकेक करून सुटत चाललेली. त्याचा चुलत भाऊ आत पाय सोडून बसला होता. मी त्याची कॉलर धरून मागे ओढला.

"सोडा साहेब, भाऊ आहे माझा!"

"उतरलास तर दोघंही जाल. पालथा झोप, हात खाली घाल!"

आमचे पाय मुकादमाने दाबून धरले. आम्ही दोघांनी त्याची मनगटं पकडली आणि खेचून वर घेतलं. उघड्यावर आल्यावर काही वेळाने तो बोलला. दवाखान्यातून धडधाकट परत आला, देवाची कृपा.

मग गॅस मीटर दोरीला बांधून आत सोडला, जो आदल्या संध्याकाळीच सोडायला हवा होता. वर २०.९ टक्के ऑक्सिजन दाखवणारा आकडा उतरत गेला, १९.५च्या खाली अलार्म वाजायला लागला. तळाशी तर त्याहूनही कमी.

त्या रात्री बायबलमधल्या निर्गमाचा २१वा अध्याय काढला. बैलाने शिंग मारून माणूस ठार केला तर बैलाला दगडमार, मालक निर्दोष. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसं बजावलेलं असेल आणि तरी त्याने बांधून ठेवला नसेल, तर मालकालाही देहान्त. जरा पुढेच उघड्या खड्ड्याचा नियम आहे : झाकला नाही आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडलं, तर भरपाई खड्डेवाल्याने द्यायची. किती वेळा वाचलेला अध्याय! पण 'बजावलेलं असेल' या शब्दांपाशी मी पहिल्यांदाच अडलो. सुताराने मला बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरायचा होता. 'कारण' या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहा, असं वरून सुचवण्यात आलं. मी वही उघडली, सुताराने मला सांगितलं ती वेळ बघून ती अहवालात उतरवली आणि तिच्यापुढे माझं नाव लिहिलं.