वाराता गेली कुठे?

टायटॅनिकचं सगळ्यांना पाठ असतं, पण वाराता? १९०९ च्या जुलैमध्ये डर्बनहून केपटाऊनला निघालेली नवीकोरी बोट, २११ माणसं, दुसरीच सफर, आणि वायरलेस नाही म्हणजे मदत मागायची सोयच नाही. २७ जुलैला सकाळी क्लॅन मॅकिंटायर नावाच्या दुसऱ्या बोटीशी दिव्यांनी बोलली आणि मग जी गायब झाली ती आजतागायत सापडलेली नाही.

मला मात्र तिच्यावरून डर्बनपर्यंत आलेला प्रवासी क्लॉड सॉयर आठवतो, आंघोळीच्या टबातलं पाणी बघून ज्याला कळलं की बोट कलली की सरळ व्हायला फारच वेळ लावते, गडी डर्बनलाच उतरला आणि बायकोला तार केली की बोट वरच्या भागात जास्त जड वाटली. (त्याला धोक्याची स्वप्नंही पडलेली म्हणे, पण मला टबच जास्त पटतो.)