तुम्ही विचारलंत म्हणून: माग भंगारात का घातले?

दुकानात, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, कुठंही भेटा, दोन मिनिटांत बोलणं तिथंच येतं. ‘वैनी, मामंजींच्या हातचे माग ते. भंगारात कसे घातलासा?’ विचारणारे सगळे बेळगावातल्या वडगाव-खासबागचेच. आमचे साडी विणायचे चार यंत्रमाग त्यांनी बघितलेत, ह्यांना लकव्याचा झटका आला तेव्हा रिक्षात घालायला हात दिलाय. त्यामुळं ते परत सांगत नाही. उत्तर तेवढं एकदा नीट देते, कारण तोंडी द्यायला गेले की मधेच कुणीतरी ‘असू दे आता’ म्हणतं आणि ते अर्धवटच राहतं.

आधी पैशाचं. ‘आरोग्य कार्ड होतं की’ असं म्हणता. होतं. दवाखान्यात ठेवलं होतं तोवरचा मोठा खर्च त्यावर भागला, ते मी नाकारत नाही. पण खरा खर्च घरी आणल्यावर सुरू होतो. फिजिओवाला घरी येतो त्याचे एका वेळचे 300. जनऔषधीतून घेतल्या तरी गोळ्या महिन्याला 900 च्या. बाई म्हणून मला सरकारी बस फुकट आहे, पण ह्यांना बसची पायरी चढता येत नाही, म्हणजे तपासणीला नेताना रिक्षाच. मी एकटी चारातले दोनच माग सांभाळून आठवड्याला 2,400 आणत होते, तेही सूत वेळेवर आलं तर. दूध पाव लिटरवर आणलं. चहा कोरा केला. रेशनच्या तांदळाचं पीठ करून भाकरी थापायला लागले, तिला चव नसते पण पोट भरतं. जुनी लुगडी फाडून ह्यांच्या खाली घालायला घड्या केल्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याचे 2,000 सुरू झाले ऑगस्ट 2023 च्या शेवटी. बंद पडलेले दोन माग गेले त्याआधीच, जूनमध्ये.

‘मग कर्ज काढायचं होतं.’ भिशी मी आधीच उचलली होती, तिचे 1,000 दर महिन्याला जात होते. राहिले आठवडी फायनान्सवाले. आमच्या गल्लीत एका बाईच्या दारात वसुलीवाले रात्री साडेआठपर्यंत बसून राहायचे आणि आत तिची पोरं दिवा न लावता बसायची. हे मी डोळ्यानं बघितलंय. सक्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकानं वटहुकूम काढला तो फेब्रुवारी 2025 मध्ये. माझ्या वेळी नव्हता.

‘गडी ठेवून चालवायचे होते.’ कुठला गडी? मागावरची पोरं उद्यमबागेत फाउंड्रीत गेली, काही गोव्याला हॉटेलात. सुरतेची साडी आमच्या मजुरीला परवडत नाही इतकी स्वस्त येते. पुढं सरकारनं 10 एचपीपर्यंतच्या मागांना वीज मोफत केली, तेव्हा एकीनं मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं, ‘बघ गे, थोडी थांबली असतीस.’ मी त्या रात्री झोपले नाही. पण फुकटच्या विजेनं सुताच्या कांड्या भरल्या जात नाहीत, तुटलेलं सूत सांधलं जात नाही. त्याला माणूस लागतो.

हे सगळं खरं आहे आणि तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे मला कळतं.

त्या दिवशी भंगारवाला दोन पोरं आणि टेंपो घेऊन सकाळी नवाला आला. मला वाटलं होतं नटबोल्ट सोडून नेतील. पण मागाची फ्रेम बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बीड घणानं फुटतं आणि फुटलेलं टेंपोत भरायला सोपं. पहिला घाव बसला तेव्हा मी चुलीपुढं होते. शेड आणि ह्यांची खोली यांच्यात एका विटेची भिंत. मी धावत जाऊन उरलेले दोन्ही माग सुरू केले. आवाजात आवाज मिसळेल, ह्यांना कळणार नाही, असं वाटलं. चौदाव्या वर्षापासून मागावर उभा राहिलेला माणूस. भिंतीपलीकडं जेवायला बसून ‘तिसऱ्या मागाची वादी, पट्टा ढिला झालाय बघ’ म्हणणारा. त्याला मी आवाजानं फसवायला निघाले होते.

दोन तास मी तशीच उभी. डोळे साडीवर, कान घणाकडं. एका धोट्यातली, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली, कांडी संपली ते कळलंच नाही, साडीत बोटभर पट्टा विरळ पडला. त्या साडीचे नंतर 60 रुपये कापले गेले. मग वजनकाटा आला. दोन्ही मागांचं मिळून 1,140 किलो, किलोला 31 रुपये. लाकडाचे भाग त्यानं बाजूला टाकले, ‘ह्याला भाव नाही, आक्का.’ त्यातले दोन धोटे मी उचलून पदरात घेतले. हाताला गुळगुळीत, टोकाला पितळ, मामंजींच्या वेळचे.

टेंपो गेल्यावर माग बंद केले आणि खोलीत गेले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. उशी ओली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ह्या आजारात रडू आपोआप येतं, मनावर घेऊ नका. त्यामुळं ते कशाचं होतं मला माहीत नाही. बोलणं अजून आलेलं नाही, ‘हूं’ तेवढं आहे. मी विचारलं, ‘पाणी देऊ?’ त्यांनी मान हलवली, नको. माग विकले हे मी सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आता तुम्ही दबक्या आवाजात विचारता तो दुसरा प्रश्न. दिराला विचारलं होतं का? नाही. भाऊजी पुण्यात नोकरीला, पण माग वडिलांचे, त्यांचाही हक्क होता. फोन लागला नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. फोन मी केलाच नव्हता. ते नको म्हणतील आणि पैसे मात्र पाठवू शकणार नाहीत, ही भीती होती. आज वाटतं, नको म्हणायचा तरी त्यांचा अधिकार होता. लगेच दुसरं मन म्हणतं, अधिकारावर गोळ्या येत नाहीत.

आणि आणखी एक, जे मी बहिणीलाही बोलले नव्हते. ते दोन माग पाच महिने नुसते उभे होते. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, उभ्या सुताचा अर्धा ताणा तसाच, त्यावर धूळ. रोज सकाळी शेडचा दिवा लावला की ते आधी दिसायचे. टेंपो वळणावरून गेला तेव्हा मला हलकं वाटलं. रडू आलं नाही. नवऱ्याचं आयुष्य भंगारात घालून बाईला हलकं कसं वाटतं, असं तुम्ही विचारलंत तर मला उत्तर देता येत नाही. पण वाटलं.

विकायच्या आदल्या रात्री हिशेबाच्या वहीत मी लिहून ठेवलं होतं, ‘ह्यात वर्ष निघेल.’ दिवाळीला पैसे संपले. त्याच पानावर खाली 35,340 हा आकडा आहे आणि त्याखाली कशाला किती गेले ते, फिजिओ, गोळ्या, भिशी, थकलेलं घरभाडं. भाऊजी दरवर्षी गणपतीला येतात. ते पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवायचं असं दरवेळी ठरवते. दोन गणपती झाले. ते शेडमध्ये जातात, मोकळ्या जागेतले जमिनीतले बोल्ट बघतात आणि बाहेर येऊन चहा मागतात.